भाकरी कमी, वरण घट्ट



गेल्या काही वर्षांत वऱ्हाडातल्या लग्नाच्या पंगतीत दोन पक्ष पडले आहेत. एक पक्ष पोळीला हात लावत नाही, भात वाढणाऱ्याला लांबूनच नको म्हणतो आणि डाळभाजीच्या वाट्यांवर वाट्या रिचवतो. दुसरा पक्ष त्याच्याकडे पाहून हसतो, आणखी एक जिलबी पानात घेतो आणि म्हणतो, आमच्या आज्याने जन्मभर भाकरच खाल्ली, त्याला काय झालं? मी अमरावती आणि अकोला या दोन्ही जिल्ह्यांत वैद्यकी केली आहे. दोन्ही पक्ष माझ्याकडे तपासायला येतात. दोघांच्याही बोलण्यात थोडे खरे असते आणि दोघेही ते थोडे खरे फार ताणतात.

ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते ते पेशाने शिक्षक होते, आणि कोणी काही ठासून सांगू लागले की ते आकडा विचारत, असे त्यांचे विद्यार्थी सांगतात. म्हणून आज आकडे बरेच येतील. ते सहन करा.

‘लो-कार्ब’ हा शब्द आता चहाच्या टपरीवरही ऐकू येतो. कार्ब म्हणजे कर्बोदके: पिष्ट आणि साखर. पण लोकांच्या मनात कार्ब म्हणजे पोळी आणि भात, एवढेच. बाकी सारे मोकळे. एक गृहस्थ मोठ्या तक्रारीने म्हणाले, “म्या भाकर सोडली, भात सोडला, तरी शुगर काऊन वाढून रायली, डॉक्टर?” दिवसभराचे खाणे विचारले. सकाळी गुळाचा चहा, कारण साखर बंद. दुपारी फळांचा रस. एकादशीला आणि गुरुवारी गजानन महाराजांचा उपास, म्हणजे साबुदाण्याची खिचडी. आता गूळ ही जवळजवळ साखरच आहे. रंग आणि थोडी खनिजे एवढाच फरक. साबुदाणा तर निव्वळ पिष्ट: १०० ग्रॅममध्ये ८५ ग्रॅमहून जास्त कर्बोदके, प्रथिने नावालाही नाहीत. त्या खिचडीत अन्न म्हणावे असे काही असेल तर तो शेंगदाण्याचा कूट. या गृहस्थांनी भाकरी सोडली होती, कर्बोदके सोडली नव्हती. उलट भाकरीतला कोंडा तेवढा गेला.

दुसरा गैरसमज ज्वारीचा आहे आणि तो आपल्याला प्रिय आहे, म्हणून जरा जपूनच सांगतो. “ज्वारीने साखर वाढत नाही” हे वाक्य मी शिकल्यासवरल्या माणसांच्या तोंडूनही ऐकतो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली भारतीय अन्नपदार्थांचे तक्ते प्रसिद्ध केले. त्यात १०० ग्रॅम ज्वारीत कर्बोदके साधारण ६८ ग्रॅम आहेत, गव्हात ६५, पांढऱ्या तांदळात ७८. तंतू ज्वारीत १० ग्रॅम, गव्हात ११. म्हणजे तांदळापेक्षा ज्वारी बरी, हे खरे. गव्हापेक्षा ती कर्बोदकांनी कमी, हे खरे नाही. ज्वारीची भाकरी जाड असते, चावून खावी लागते, दोनात पोट भरते, हा तिचा गुण. पण गव्हाच्या चार पोळ्यांऐवजी ज्वारीच्या चार भाकरी खाऊन साखर उतरेल ही आशा फोल आहे. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या देशव्यापी मधुमेह पाहणीतून २०२५ साली हेच पुढे आले: आपल्या देशात रोजच्या ऊर्जेतला सुमारे ६२ टक्के वाटा कर्बोदकांचा आहे, आणि पांढऱ्या धान्याच्या जागी नुसती भरड धान्ये किंवा पूर्ण गहू आणल्याने मधुमेहाचा धोका कमी झालेला दिसत नाही. एकूण कर्बोदके कमी होऊन त्यांच्या जागी प्रथिने आली, तरच तो कमी दिसतो.

आता एक साधे वऱ्हाडी ताट घेऊ. बैठे काम करणाऱ्या माणसाचे. दोन्ही वेळा दोन-दोन भाकरी, प्रत्येकी ६० ग्रॅम पिठाची. वाटीभर भात. पातळ वरण, ज्यात माणशी १५ ग्रॅम डाळ पडली तरी खूप. भाजी, तेल, आणि दिवसातून तीन कप गोड चहा. बेरीज केली तर कर्बोदके पावणेतीनशे ग्रॅमच्या आसपास जातात आणि एकूण ऊर्जेच्या ६५ टक्के होतात. प्रथिने चव्वेचाळीस-पंचेचाळीस ग्रॅम, आणि त्यातली निम्म्याहून जास्त भाकरीतूनच आलेली. देशाची सरासरी ६२ आणि आपले ताट ६५. म्हणजे हिशेब फार चुकलेला नाही.

त्याच ताटात थोडी उलथापालथ करू. भाकरी एकेकच. भात बंद. वरण इतके घट्ट, की माणशी ४० ग्रॅम डाळ पडावी. सोबत मूठभर शेंगदाणे किंवा शेंगदाण्याची चटणी, वाटीभर दही, भाजी दुप्पट, चहा बिनसाखरेचा. कर्बोदके १६० ग्रॅमच्या जवळ येतात, त्यांचा वाटा ४५ टक्क्यांवर उतरतो आणि प्रथिने पन्नाशी ओलांडतात. या ताटात परदेशातून आलेले काहीही नाही. बदामाचे पीठ नाही, पाकिटावर ‘कीटो’ छापलेली महागडी बिस्किटे नाहीत. आणि शास्त्राच्या व्याख्येत हे ताट ‘लो-कार्ब’ही नाही! ती व्याख्या दिवसाला १३० ग्रॅमच्या आतली आहे. कीटोची तर २० ते ५० ग्रॅमची. ५० ग्रॅम म्हणजे सव्वा भाकरी, बस्स. बाकी दिवसभर धान्य, गोड, बटाटा, काही नाही.

मग १६० ग्रॅमचा उपयोग काय? मद्रास डायबेटीस रिसर्च फाउंडेशनच्या संशोधकांनी मघाच्याच देशव्यापी मधुमेह पाहणीतल्या १८,०९० प्रौढांच्या आहारावरून २०२२ साली एक गणित मांडले. नव्याने मधुमेह झालेल्यांसाठी कर्बोदकांचा वाटा ४९ ते ५४ टक्के आणि प्रथिनांचा १९ ते २० टक्के असावा. मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्यांसाठी कर्बोदके ५४ ते ५७ टक्के. पाहा, शून्य नाही, वीस टक्के नाही; निम्म्याच्या आसपास. आपण ज्या उंचीवरून सुरुवात करतो तिथून निम्म्यावर येणे हीच मोठी उतरण आहे. प्रथिनांचे उद्दिष्ट मात्र माझ्या सुधारलेल्या ताटानेही गाठले जात नाही. ते चौदा टक्क्यांवर अडकते. अंडे, मासळी, पनीर किंवा सोयाबीन यांतले काहीतरी त्यात यावे लागते. एक गोष्ट इथेच सांगून ठेवतो. “डाळ म्हणजे प्रोटीन” हेही अर्धेच खरे. तूरडाळीत १०० ग्रॅममागे प्रथिने २२ ग्रॅम आणि कर्बोदके ५५. तरी भाकरीपेक्षा ती दुपटीने बरी.

आपल्याकडे या विषयाची चर्चा कीटोवरून सुरू झाली नाही, ती विदर्भाच्या एका सुपुत्रावरून सुरू झाली. डॉ. श्रीकांत जिचकार काटोलचे. १९८० साली पंचविशीत आमदार झाले, पदव्यांची संख्या हा त्यांच्या नावाभोवतीचा एक दंतकथेचा विषयच झाला, आणि २ जून २००४ रोजी अपघातात गेले. दिवसातून दोनदाच जेवा, हे ते व्याख्यानांतून सांगत. पुढे डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी तो विचार उचलला आणि खेडोपाडी नेला: दोन जेवणे, प्रत्येक पंचावन्न मिनिटांच्या आत, मध्ये बिनसाखरेचे पाणी-ताक, आणि रोज पंचेचाळीस मिनिटे चालणे. अमरावती-अकोल्यात दीक्षित डाएट न केलेले घर शोधावे लागेल. त्याच सुमारास आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकर थोड्या-थोड्या अंतराने खा म्हणत होत्या, आणि महाराष्ट्र दोन तट करून भांडला.

यातला गैरसमज असा, की दीक्षित डाएट म्हणजे लो-कार्ब असे अनेकांना वाटते. त्याचा गाभा किती वेळा खाता हा आहे. मी दोनदाच जेवतो म्हणून दोन्ही वेळा चार पोळ्या आणि वर श्रीखंड, असे करणारे मला माहीत आहेत. माझे मत विचाराल तर पंचावन्न मिनिटांच्या घड्याळावर माझा विश्वास नाही. इन्सुलिन असे ठरल्या मिनिटाला चालू-बंद होत नाही, ते थोडे-थोडे दिवसभर स्रवतच असते आणि किती वाढणार हे काय खाल्ले त्यावर ठरते. पण या पद्धतीने ज्यांचे वजन उतरले, त्यांचे का उतरले हेही दिसते. मधल्या वेळचे सारे बंद झाले. चहासोबतचे टोस्ट, खारी, चार वाजताचा आलुबोंडा, संध्याकाळचा गिला वडा, गावाला जाता-येता शेगावची कचोरी. त्या मोहिमेने मराठी माणसाला इन्सुलिन हा शब्द शिकवला आणि पायी चालायला लावले. हे काम लहान नाही.

आता कर्बोदके कमी केल्याने काय होते आणि काय होत नाही, ते पाहू. ही कल्पना नवी मुळीच नाही. लंडनमधल्या विल्यम बँटिंग नावाच्या अंत्यविधीच्या व्यावसायिकाने १८६३ साली आपले वजन कसे उतरले यावर पुस्तिका लिहिली. ब्रेड, साखर, बटाटे आणि बिअर सोडली, एवढेच तिचे सार. इन्सुलिन हाती येण्याआधी मधुमेहाला हाच काय तो उपचार होता. कीटो आहार तर १९२१ साली अमेरिकेच्या मेयो क्लिनिकमध्ये मिरगीच्या रुग्णांसाठी सुचवला गेला, वजनासाठी नव्हे.

पहिल्या आठवड्यात वजन झपाट्याने उतरते आणि माणूस हरखून जातो. ते बहुतांशी पाणी असते. यकृतात आणि स्नायूंत साठवलेल्या पिष्टासोबत त्याच्या तिप्पट वजनाचे पाणी धरलेले असते. साठा संपला की पाणी जाते. एका सणाला पुरणपोळी खाल्ली की ते परत येते आणि माणूस निराश होतो. दोन्ही वेळा चरबीचा संबंध थोडाच असतो.

वर्षभराने काय उरते? स्टॅनफर्डच्या संशोधकांनी ६०९ जणांना दोन गटांत विभागून वर्षभर पाहिले, २०१८ साली निष्कर्ष आले. कमी कर्बोदकांच्या गटाचे वजन सरासरी सहा किलो उतरले, कमी चरबीच्या गटाचे सव्वापाच किलोहून थोडे जास्त. फरक नगण्य. दोन्ही गटांना साखर, मैदा आणि कारखान्यातले पदार्थ टाळायला सांगितले होते, हे त्यातले मर्म.

त्याहून डोळे उघडणारा प्रयोग ब्रिटनमधला. प्राध्यापक रॉय टेलर आणि माइक लीन यांनी मधुमेह होऊन सहा वर्षे उलटली नव्हती आणि इन्सुलिन चालू नव्हते अशा रुग्णांना काही महिने दिवसाला साधारण ८५० कॅलरींच्या पेयांवर ठेवले. वर्षभरानंतर ४६ टक्के लोकांचा मधुमेह औषधांशिवाय आटोक्यात होता. ज्यांचे वजन १५ किलो किंवा अधिक उतरले त्यांच्यात हे प्रमाण ८६ टक्के. आणि त्या पेयात कर्बोदकांचा वाटा किती होता? सुमारे ५९ टक्के. लो-कार्बच्या कट्टर भक्तांना मी हा आकडा मुद्दाम सांगतो. तिथे काम केले ते वजनाने, यकृतातली आणि स्वादुपिंडातली चरबी वितळल्याने. कर्बोदके कमी करणे हा तिथे पोचायचा एक चांगला रस्ता आहे. जेवणानंतरची साखर त्याने लगेच खाली येते, भूक आवरते, हा त्याचा खरा फायदा. एकमेव रस्ता तो नाही.

“मधुमेह मुळासकट गेला” असे म्हणणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. २०२१ साली जगातल्या तज्ज्ञांनी ठरवलेली मधुमेह आटोक्यात येण्याची व्याख्या अशी: औषधे थांबवून किमान तीन महिने झाल्यावर एचबीएवनसी, म्हणजे मागच्या काही महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी तपासणी, साडेसहा टक्क्यांच्या खाली. त्याला तज्ज्ञ बरे होणे म्हणत नाहीत. वजन परत आले की आजार परत येतो. ब्रिटनच्या त्या प्रयोगातही दुसऱ्या वर्षअखेर ४६ चे ३६ झाले होते.

जिलबीवाल्या पक्षाच्या भीतीही तपासायला हव्यात. मेंदूला साखर लागते, भाकरी सोडली तर मेंदू चालणार कसा? मेंदूला ग्लुकोज लागते हे खरे, पण ते यकृत तयार करते, आणि चरबीतून बनणाऱ्या कीटोनवरही मेंदू बऱ्यापैकी चालतो. प्रथिनांनी मूत्रपिंडे जातात? निरोगी मूत्रपिंडांना दोन वाट्या घट्ट वरणाने काही होत नाही. ज्यांची मूत्रपिंडे आधीच दुबळी आहेत, आणि मधुमेह्यांत असे पुष्कळ असतात, त्यांनी मात्र प्रथिने किती घ्यायची हे विचारूनच ठरवावे. आणि समोरच्या, लो-कार्बवाल्या पक्षाचे म्हणणे, तूप कितीही चालते? नाही. काही जणांचे वाईट कोलेस्टेरॉल त्याने भराभर चढते. सहा महिन्यांनी रक्त तपासा, वाद तिथेच मिटतो.

खरी भीती बाळगायची ती दुसऱ्याच गोष्टीची, आणि तिच्याबद्दल कोणी बोलत नाही. माणूस व्हिडिओ पाहून भाकरी सोडतो आणि गोळी तशीच चालू ठेवतो. ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन ताटात भाकरी असेल असे धरून दिलेली असते. भाकरी नाही आणि गोळी आहे, म्हणजे साखर एकदम खाली. घाम, थरथर, बोलणे बरळल्यासारखे, आणि शेतात एकटा असेल तर जिवावर बेतते. दुसरी गोष्ट डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या नव्या गोळ्यांची. त्या लघवीवाटे साखर काढतात, हृदयाला आणि मूत्रपिंडांना चांगल्या आहेत. पण त्या चालू असताना कडक कीटो किंवा लांबलचक उपास केला तर रक्तात आम्ल साठू शकते, आणि तेही साखर फार वाढलेली नसताना. ग्लुकोमीटरवर आकडा ठीक दिसतो आणि माणूस उलट्या करत, धापा टाकत दवाखान्यात येतो. श्रोते हो, झोप लागत असेल तर एवढे ऐकून झोपा: गोळ्या चालू असतील तर ताट बदलण्याआधी डॉक्टरांना सांगा. बहुतेक वेळा मात्रा आधी कमी करावी लागते.

आता त्या आज्याकडे येतो. जन्मभर भाकरी खाऊन त्याला काही झाले नाही, कारण तो वखर चालवत होता. पण एवढ्याने उत्तर पुरे होत नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी नवजात बाळे मोजली. आपली बाळे सरासरी २.७ किलोंची, इंग्लंडमधली साडेतीन किलोंची. तरी आपल्या बाळांत चरबीचे प्रमाण जास्त, स्नायू कमी. २००४ साली त्यांनी आणि जॉन युडकिन या ब्रिटिश सहकाऱ्याने स्वतःचाच फोटो ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या हिशेबाने वजन, अगदी सारखा, २२.३. युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२. म्हणून आपल्याकडे किडकिडीत माणसालाही मधुमेह होतो, आणि अशा माणसाला वजन उतरवायला सांगून भागत नाही. आहार कमी करताना चरबीबरोबर स्नायूही झिजतात. आधीच कमी असलेले स्नायू घालवून मिळवलेला साखरेवरचा ताबा पुढे टिकत नाही. प्रथिने आणि कष्टाचा व्यायाम यांना पर्याय नाही. हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ ज्या अमरावतीत १९१४ पासून आहे, त्या शहरात दंड-बैठकांचे महत्त्व मी सांगणे शोभत नाही, म्हणून पुढे जातो.

आणि आज्याचे ताट आपल्यापेक्षा वेगळे होते, हे आपण विसरलो. भाकरी खरी, पण सोबत तुरीचे वरण, झुणका, पातोडीचा रस्सा, जवसाची चटणी, अंबाडी, हिवाळ्यात तुरीच्या शेंगांचे सोले. कपाशीच्या ओळींमध्ये तूर, शेजारी ज्वारी, हे वऱ्हाडचे शेत होते आणि तेच ताट होते. १९७२ च्या दुष्काळात अमेरिकेची लाल मिलो ज्वारी रेशनवर आली. पुढे रेशनचा गहू आणि तांदूळ कायमचा आला. मग सोयाबीन आले आणि ज्वारीचा पेरा आटला. पोळी-भात ही प्रतिष्ठा झाली, आणि डाळ महागली तसे वरण पातळ झाले. वरण पातळ होणे हा आपल्या आहारातला खरा बिघाड आहे. लो-कार्बची भांडणे त्यानंतरची.

एक गोष्ट मात्र विसरता येत नाही. भर उन्हात कापूस वेचणाऱ्या, निंदणाला वाकलेल्या बाईला मी भाकरी कमी कर म्हणणार नाही. तिला ती ऊर्जा लागते. याच अमरावती जिल्ह्यात धारणी आणि चिखलदरा हे मेळघाटचे तालुके आहेत. तिथल्या बालमृत्यूंनी १९९३ साली देशाला हादरवले होते. तिथे कार्ब मोजणे ही थट्टा ठरेल. पण प्रथिनांची गरज तिथेच सर्वांत मोठी आहे. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने माणशी महिन्याला पाच किलो धान्य मिळते. म्हणजे दिवसाला १६५ ग्रॅम गहू-तांदूळ. पोटाला आधार मोठा, पण डाळ त्यात नाही. ज्याला बाजारात डाळ परवडत नाही त्याला आहारतज्ज्ञाचा कोणताही तक्ता पाळता येत नाही, आणि त्याच्याही घरी आता मधुमेह आलेला आहे.

अकोला हे डाळ मिलांचे गाव. डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ तिथे १९६९ पासून आहे आणि तुरीचे वाण काढते. २०१६-१७ च्या हंगामात तूर इतकी पिकली, की खरेदी केंद्रांसमोर रांगा लागल्या आणि भाव कोसळला. मग सरकारने घेतलेल्या त्या तुरीची डाळ स्वस्त दरात रेशन दुकानांतून विकली गेली. २०२० च्या टाळेबंदीत केंद्राने शिधापत्रिकेमागे महिन्याला किलोभर डाळ काही महिने दिली. म्हणजे हे करता येते, आणि केलेले आहे. या सभागृहात ग्रामपंचायतींपासून विधिमंडळापर्यंत काम केलेली माणसे बसली आहेत. त्यांना माझी विनंती एवढीच, की पुढच्या हंगामात इथल्या तुरीची डाळ इथल्या रेशन दुकानांत आणि शाळांच्या पोषण आहारात बारमाही मिळावी, अशी मागणी लेखी करा. सहीसाठी कागद आणाल तेव्हा पहिली सही माझी असेल.